लॉरेंट्झ बल, साडेपंधरा मिलिमीटर आणि तिजोरीतली चांदी

बारावीच्या भौतिकशास्त्रात लॉरेंट्झ बलावरचं एक गणित ठरलेलं असतं. अमुक प्रभार, अमुक वेग, अमुक चुंबकीय क्षेत्र, तर कणाच्या वर्तुळाची त्रिज्या काढा. तीन ओळींत उत्तर येतं, दोन गुण पदरात पडतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ओक रिज इथं, १९४३ ते १९४५ या काळात अणुबॉम्बसाठी लागणारं युरेनियम वेगळं करायला हेच गणित कारखान्याच्या मापात सोडवलं गेलं. त्यासाठी ११५२ निर्वात टाक्या, बावीस हजारांच्या वर माणसं आणि सरकारी तिजोरीतली १४,७०० टन चांदी लागली. सूत्रात चूक नव्हती आणि आकडेही बरोबर होते. तरी पहिला संच चालू करायला गेले आणि तो बंदच करावा लागला.

वहीतल्या गणितात एकच आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू, असतो. ओक रिजच्या टाकीत दर सेकंदाला सहावर सतरा शून्यं इतके आयन सुटावेत अशी अपेक्षा होती, आणि भोवती लोखंड, तेल, गंज आणि पाळीवर आलेली माणसं होती. नियम तोच, पण तो कुणाकुणाला लागू आहे याची यादी लांबली. या प्रकरणात मला रस आहे तो त्या यादीत.

अडचण काय होती

निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये २३५ वस्तुमानांकाचा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा, पण वेगळ्या वजनाचा अणू) फक्त ०.७२ टक्के असतो, म्हणजे साधारण १४० अणूंत एक. बाकी जवळजवळ सगळा २३८. मंद न्यूट्रॉनने भंग पावतो तो २३५, हे १९४० च्या वसंतात प्रयोगाने पक्कं झालं. त्यासाठी लागलेला अत्यल्प नमुना मिनेसोटा विद्यापीठात आल्फ्रेड नीअर यांनी वस्तुमान वर्णपटमापीतून वेगळा करून दिला होता. दोन्ही समस्थानिक रासायनिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे, त्यामुळे आम्ल किंवा द्रावक त्यांना सहजी वेगळं करू शकत नाही. फरक आहे तो फक्त वजनात, सव्वा टक्क्याच्या आसपास.

वजनातला फरक ओळखणारं एक साधन भौतिकशास्त्राकडे तयार होतं. लायडनच्या हेंड्रिक लॉरेंट्झ यांनी १८९५ मध्ये मांडलेला नियम असा: प्रभारावरचं बल म्हणजे प्रभार गुणिले (विद्युत क्षेत्र अधिक वेग आणि चुंबकीय क्षेत्र यांचा सदिश गुणाकार). त्यातला चुंबकीय भाग ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८९ मध्येच लिहिला होता, पण नाव चिकटलं ते लॉरेंट्झ यांचं. पुढं या गोष्टीत कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉरेन्स येतात. नावं कानाला सारखी वाटली तरी माणसं वेगळी आहेत.

नियमातली दोन पदं दोन वेगळी कामं करतात आणि इथंच विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो. कणाला वेग देतं ते विद्युत क्षेत्र. चुंबकीय बल कायम वेगाला काटकोनात असल्यामुळे कणावर काम करतच नाही, फक्त त्याची वाट वळवतं. एकसारख्या क्षेत्रात ही वळलेली वाट वर्तुळ होते आणि तिची त्रिज्या म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, भागिले प्रभार गुणिले क्षेत्र. दोन्ही समस्थानिकांना सारखाच व्होल्टेज दिला तर जड आयनाचं वर्तुळ थोडं मोठं होतं.

थोडं म्हणजे किती? ओक रिजच्या पहिल्या टप्प्यातल्या टाक्यांची, म्हणजे अल्फाची, त्रिज्या ४८ इंच, १२२ सेंटीमीटर होती. ३५,००० व्होल्टने ढकललेल्या युरेनियमच्या एकप्रभारी आयनाचा वेग सेकंदाला सुमारे १७० किलोमीटर येतो. त्याला १२२ सेंटीमीटरच्या वर्तुळात ठेवायला ०.३४ टेस्ला क्षेत्र पुरतं. त्याच्यावरचं बल एका न्यूटनच्या शंभर लाख कोटीव्या भागापेक्षाही कमी, आणि अर्धवर्तुळ संपतं २३ मायक्रोसेकंदांत. शेवटी २३५ आणि २३८ यांच्या पडण्याच्या जागांत अंतर उरतं साडेपंधरा मिलिमीटर. हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या या फटीवर सगळा कारखाना उभा राहिला.

हे साडेपंधरा मिलिमीटर टिकवणंही सोपं नव्हतं. व्यास व्होल्टेजच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ३५,००० व्होल्टमध्ये साधारण ४४० व्होल्टची घसरण झाली की २३८ चा झोत थेट २३५ च्या कप्प्यात. शिवाय आयन उगमाच्या फटीतून बाहेर पडताना सगळे नाकासमोर जात नाहीत. अर्धवर्तुळ झाल्यावर तिरके निघालेले आयन पुन्हा जवळपास एका जागी येतात, ही १८० अंशांच्या मांडणीची मोठी सोय. पण ‘जवळपास’च. पाच-सहा अंश तिरका निघालेला आयन सुमारे १२ मिलिमीटर आधीच पडतो. तेवढ्यात साडेपंधरा मिलिमीटर संपत आले. बर्कलीच्या मंडळींनी यावर चुंबकाच्या तोंडाशी नीट आकार दिलेल्या लोखंडी पट्ट्या बसवल्या, क्षेत्र मुद्दाम थोडं असमान केलं आणि तिरक्या आयनांनाही जागेवर आणलं. पाठ्यपुस्तकात क्षेत्र ‘एकसमान’ मानलेलं असतं. इथं ते बिघडवूनच काम झालं.

झोत फुटणार की टिकणार

खरा आक्षेप याहून मूलभूत होता, आणि तो घेणारी माणसं अडाणी नव्हती. एक ग्रॅम २३५ मिळवायचं तर किती प्रभार वाहून न्यावा लागेल? नैसर्गिक युरेनियम धरून आणि एकही अणू वाया न जाता, सुमारे ५७,००० कूलोम. झोत एका मायक्रोअँपियरचा असेल तर एका ग्रॅमला अठराशे वर्षं लागतील. तोच १०० मिलिअँपियरचा केला तर साडेसहा दिवस. म्हणजे झोत लाखपटीने वाढवायला हवा. आणि झोत वाढवला की त्यातले धन आयन एकमेकांना ढकलणार.

हे ढकलणं म्हणजे लॉरेंट्झच्याच नियमातलं पहिलं पद, फक्त आता विद्युत क्षेत्र बाहेरून दिलेलं नाही, झोताचं स्वतःचं आहे. ढोबळ हिशेब करून पाहा. १०० मिलिअँपियरचा झोत सेकंदाला १७० किलोमीटर वेगाने जात असेल तर त्याच्या एका मीटर लांबीत ०.६ मायक्रोकूलोम प्रभार भरतो. गोल झोत धरला तर त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत सुमारे ५,३०० व्होल्टचा फरक पडतो. आपल्याला परवडणारी चूक होती ४४० व्होल्टची! समांतर प्रवाह एकमेकांना ओढतात हे खरं, पण ती ओढ या ढकलण्याच्या तुलनेत वेगाचा वर्ग भागिले प्रकाशवेगाचा वर्ग इतकीच, म्हणजे तीस लाखांत एक. तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. कागदावर झोत फुटून टाकीभर पसरणार हे दिसतच होतं.

लॉरेन्स यांनी तरी प्रयोग केला. नोव्हेंबर १९४१ अखेर त्यांनी बर्कलीतलं ३७ इंची सायक्लोट्रॉन (कणांना चुंबकात गोल फिरवत वेग देणारं यंत्र) उघडलं आणि त्याच्या चुंबकात विभाजनाची टाकी बसवली. २ डिसेंबरला पहिला झोत मिळाला, ५ मायक्रोअँपियरचा. १९४२ च्या जानेवारी मध्यापर्यंत तो ५० वर गेला आणि नऊ तासांच्या एका फेरीत २३५ चं प्रमाण २५ टक्के असलेलं १८ मायक्रोग्रॅम युरेनियम हाती आलं. हा आकडा तपासण्यासारखा आहे. ५० मायक्रोअँपियर नऊ तास वाहिले तर आदर्श हिशेबाने २३५ चे सुमारे २८ मायक्रोग्रॅम मिळायला हवेत. प्रत्यक्षात मिळाले साडेचार. सहातला एक भागही धड नाही. पण फेब्रुवारीत झोत १४०० मायक्रोअँपियरवर गेला आणि तो फुटला नाही.

का फुटला नाही? टाकीत राहिलेल्या हवेमुळे. पंप कितीही चालवले तरी वातावरणीय दाबाच्या कोट्यवधीव्या हिश्श्याइतकी हवा उरतेच. झोतातले आयन तिच्या रेणूंवर आदळतात आणि इलेक्ट्रॉन सुटे करतात. हे संथ इलेक्ट्रॉन धन झोताच्या आत अडकून बसतात आणि त्याचा प्रभार जवळजवळ पुसून टाकतात. आक्षेप घेणाऱ्यांचं गणित बरोबरच होतं, फक्त ते परिपूर्ण निर्वातासाठी केलेलं होतं. म्हणजे पंप फार चांगले चालले तर झोत सांभाळायला इलेक्ट्रॉन अपुरे, आणि वाईट चालले तर आयन हवेला धडकून भरकटणार. निर्वात बेताचाच हवा होता. हे कुठल्याच आराखड्यात आधी लिहिलेलं नव्हतं. लॉरेन्स नशीबवान ठरले असं म्हणणारे आहेत. मला वाटतं नशिबापेक्षा यंत्र चालवून बघण्याची सवय कामी आली. सायक्लोट्रॉनवर दहा वर्षं काढलेल्या माणसाला कागदावरचा ‘अशक्य’ किती गंभीरपणे घ्यायचा याचा अंदाज असतो.

या नव्या यंत्राला कॅल्युट्रॉन म्हणू लागले. त्याच्या उगमस्थानी, चुंबकीय क्षेत्रात जळणाऱ्या विद्युत ठिणगीत, अनाकलनीय खळबळ चालायची. तिच्या अभ्यासातून डेव्हिड बोम यांचं प्लाझ्मातल्या विसरणाचं सूत्र निघालं आणि पुढं संलयन संशोधकांना त्याने बराच त्रास दिला. तो वेगळा विषय आहे.

चांदी

चुंबकीय बल काम करत नाही, मग चुंबकाला एवढी वीज कशाला? परीक्षेत विचारायला हवा असा हा प्रश्न आहे. आयनांना वळवण्यात ऊर्जा खर्च होत नाही. ती सगळी गुंडाळीच्या रोधात उष्णता होऊन जाते. म्हणून कमी रोधाची तार लागते, आणि युद्धात तांबं मिळेना. चांदीचा विशिष्ट रोध तांब्याहून पाचेक टक्के कमीच आहे आणि अमेरिकी तिजोरीत ती पडून होती. ऑगस्ट १९४२ मध्ये अणुबॉम्ब प्रकल्पाचे लष्करी अधिकारी कर्नल केनेथ निकोल्स अर्थखात्यात गेले आणि त्यांनी हजारो टनांची मागणी केली. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना सुनावलं की या खात्यात चांदी टनात मोजत नाहीत, ट्रॉय औंसात मोजतात. शेवटी गेली ती १४,७०० अमेरिकी टन, म्हणजे आपल्या मापाने १३,३०० टनांच्या आसपास. लाद्या वितळवून पट्ट्या ओढल्या आणि मिलवॉकीच्या अॅलिस-चाल्मर्स कारखान्यात त्यांच्या गुंडाळ्या झाल्या.

चुंबकांची मांडणी मोठी अक्कलहुशारीची होती. एकेका टाकीला स्वतंत्र चुंबक दिला तर परतीच्या वाटेला प्रचंड लोखंड लागतं. म्हणून एक गुंडाळी, एक टाकी, पुन्हा गुंडाळी, पुन्हा टाकी अशी ९६ टाक्यांची लंबगोल साखळी केली. क्षेत्र या साखळीतून आडवं फिरून स्वतःलाच मिळतं आणि उभ्या टाक्यांत आयन उभं अर्धवर्तुळ काढतात. १२२ फूट लांब, ७७ फूट रुंद अशा या आकाराला नाव पडलं रेसट्रॅक. वळणावर क्षेत्र नीट राहीना, म्हणून पुढच्या रेसट्रॅकना सरळ बाजू दिल्या.

पहिल्या संचाचं काय झालं

फेब्रुवारी १९४३ मध्ये खोदकाम सुरू झालं आणि नोव्हेंबरात पहिला अल्फा रेसट्रॅक चाचणीला घेतला. कागदावर चुंबकीय क्षेत्र आयनांवर बल लावणार होतं. प्रत्यक्षात त्याने समोर आलेल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर लावलं. १४ टनांच्या टाक्या चुंबकाच्या ओढीने जागच्या सरकल्या, काही तर तीन इंचांपर्यंत. त्यांना जोडलेल्या निर्वात नळ्या ताणल्या गेल्या आणि सांधे गळू लागले. उपाय अगदी लोहारी होता. पोलादी पट्ट्या वेल्ड करून टाक्या जखडून टाकल्या.

त्याहून मोठं दुखणं गुंडाळ्यांत निघालं. त्या शॉर्ट होऊ लागल्या. डिसेंबरात प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज स्वतः आले आणि त्यांनी एक चुंबक फोडायला लावला. आत मूठभर गंज निघाला. चांदीच्या फेऱ्या एकमेकींच्या फार जवळ होत्या आणि थंड ठेवण्यासाठी फिरवलेलं तेल पाइपांतला गंज आणि गाळ घेऊन त्या अरुंद जागेत आणून टाकत होतं. त्यातून वीज आपली सोयीची वाट काढायची. ग्रोव्ह्ज यांनी रेसट्रॅक उतरवून चुंबक सफाईसाठी मिलवॉकीला परत धाडले आणि पाइप आम्लात धुण्याची सोय जागेवरच केली. दुसरा रेसट्रॅक जानेवारी १९४४ अखेर चालू झाला, पहिला दुरुस्त होऊन मार्चमध्ये.

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात शिकवून जाणारं पान हेच. साडेपंधरा मिलिमीटर अंतरासाठी जगातले उत्तम भौतिकशास्त्रज्ञ महिनोन्महिने क्षेत्राचे आकार कोरत होते, आणि काम अडलं तेलाच्या गाळणीवर. गाळणीचा विचार करणं कमीपणाचं वाटत असेल तर मोठा चुंबक बांधायच्या भानगडीत पडू नये.

पॅनेलपुढच्या मुली

कारखाना चालवण्याचं काम टेनेसी ईस्टमन कंपनीकडे होतं. नियंत्रणाच्या लांबलचक दालनांत उंच स्टुलांवर तरुण मुली बसत, बहुतेक जवळपासच्या गावांतल्या, नुकत्याच शाळा संपवून आलेल्या. पुढं तबकड्या आणि फिरवायच्या मुठी. व्होल्टेजना फक्त अक्षरांची नावं दिलेली, कशाचं काय ते सांगितलेलं नाही. काटा अमुक रेषेवरून हलला की अमुक मूठ थोडी फिरवायची. त्या ज्या सरकण्याची राखण करत होत्या ते वर सांगितलेले ४४० व्होल्टच होते, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. चुंबकांजवळ जायची वेळ आली तर केसांतल्या लोखंडी पिना काढून ठेवाव्या लागत, नाहीतर त्या उपटून निघायच्या. दुरुस्तीची हत्यारंही चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूची वापरत.

निकोल्स यांनी लॉरेन्स यांना दाखवून दिलं की या मुलींचं उत्पादन त्यांच्या पीएच.डी. झालेल्या शास्त्रज्ञांपेक्षा जास्त आहे. दोघांत पैज लागली आणि लॉरेन्स हरले. कारण गमतीचं आहे. काटा जरा हलला की शास्त्रज्ञ त्यामागचं कारण शोधत बसायचे, मुली मूठ फिरवून काटा जागेवर आणायच्या. मात्र यावरून शास्त्रज्ञ निरुपयोगी ठरतात असं मानण्याची घाई नको. मूठ फिरवून भागेल इतकं यंत्र शांत कुणी केलं, हेही विचारावं लागेल.

हाती काय आलं

अल्फातून युरेनियम १२ ते १५ टक्क्यांपर्यंत समृद्ध होई. मग ते निम्म्या त्रिज्येच्या आणि दुप्पट क्षेत्राच्या बीटा टाक्यांत पुन्हा घालत. शेवटी नऊ अल्फा रेसट्रॅकमध्ये ८६४ आणि आठ बीटामध्ये २८८ टाक्या होत्या. तरी नासाडी भयंकर होती. घातलेल्या युरेनियमच्या ५,८२५ भागांतला एक भागच अंतिम माल म्हणून बाहेर पडायचा, बाकीच्यातलं पुष्कळसं टाकीच्या भिंतींवर आणि भागांवर उडालेलं. प्रत्येक फेरीनंतर टाकी उघडायची, धुवायची, खरवडायची आणि रसायनशाळेत सगळं परत मिळवायचं. ही धुलाई सुधारली तेव्हा कुठे जानेवारी १९४५ पर्यंत २३५ ची वसुली दहा टक्क्यांवर आली. १९४५ मध्ये इतर दोन पद्धतींनी थोडं समृद्ध केलेलं युरेनियमही इथं यायला लागलं, पण शेवटची पायरी बीटाचीच राहिली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बमधलं सुमारे ६४ किलो युरेनियम या वाटेने आलं. आपण कशाच्या मुठी फिरवत होतो, हे पॅनेलपुढच्या बहुतेकींना त्या दिवशी रेडिओवरून कळलं.

वायूविसरणाचा, म्हणजे युरेनियमचा वायू सूक्ष्म छिद्रांतून गाळून समस्थानिक वेगळे करणारा, कारखाना स्वस्त पडू लागला तसे अल्फा सप्टेंबर १९४५ मध्ये थांबले आणि बीटातले बहुतेक पुढच्या वर्षाअखेर. चांदी परत करताना यंत्रांखालच्या फळ्यासुद्धा जाळून राखेतली चांदी काढली. शेवटचा हप्ता तिजोरीत गेला १९७० मध्ये.

ही पद्धत इतकी खर्चिक की पुन्हा कुणी वाट्याला जाणार नाही, अशी तज्ज्ञांची समजूत झाली आणि तिचे पुष्कळसे तपशील खुले केले गेले. जून १९९१ च्या अखेरीस इराकमध्ये फालुजाजवळ आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी ट्रकांवरून पळवली जाणारी अवजड यंत्रं पाहिली. सैनिकांनी हवेत गोळ्या झाडल्या, तोवर फोटो काढून झाले होते. ती कॅल्युट्रॉनची सामग्री होती.

ओक रिजची बीटा-३ ही इमारत मात्र वेगळ्या कामाला लागली. तिथल्या टाक्यांतून १९९८ पर्यंत स्थिर समस्थानिक वेगळे केले जात होते. आपल्याकडे हृदयरोग्यांना ‘थॅलियम स्कॅन’ सांगत, त्यातलं किरणोत्सारी थॅलियम-२०१ बनवायला शुद्ध थॅलियम-२०३ लागतं, आणि ते इथून जाई. मग सायक्लोट्रॉनमध्ये त्यावर प्रोटॉन मारायचे, म्हणजे तिथंही पुन्हा लॉरेंट्झ बलच. बीटा टाकीत युरेनियमऐवजी थॅलियम घालायचं तर व्होल्टेज तोच ठेवून क्षेत्र साधारण सात टक्क्यांनी उतरवावं लागतं, आणि २०३ व २०५ यांच्या कप्प्यांत अंतर मिळतं सहा मिलिमीटर.